नसीम मॅडम, ती टीप राहिली

मॅडम, तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या घरात मला मंदा म्हणून कोणीच ओळखलं नाही. धुळ्याहून बस पकडून मी जळगावला पोचले, तोवर पुरुषमंडळी तुम्हाला घेऊन कब्रस्तानाकडे निघाली होती. बायका सतरंजीवर बसल्या होत्या. तुमच्या भावाच्या, इक्बालभाईंच्या सुनेने विचारलं, "आप कौन?" मी म्हटलं, मी नर्स होते, मॅडमच्या पुस्तकातली. झालं. "कुमुद सिस्टर!" म्हणून तिने मला मिठीच मारली. मग एकेक करत खोलीतल्या सगळ्या बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. कोणी चहा दिला, कोणी पाठीमागे लोड सरकवला. एक म्हातारी माझा हात हातात घेऊन बसली, सोडेचना. मी रडत होते, पण त्यात तुमच्यासाठी किती आणि भीतीने किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

तीन आठवडे झाले. रोज सकाळी वाटतं, आज फोन करून सांगून टाकावं. मग आठवतं की आता फोन उचलायला कोणी नाही.

कुमुद हे नाव माझंच मी निवडलेलं. तुमची ती रीत होती. पुस्तकात लोकांची खरी नावं घालत नाहीत, कोणाला त्रास होऊ नये म्हणून, हे तुम्ही मला समजावलंत. पण दुसरे प्राध्यापक आपल्या मनाने नाव ठेवून मोकळे होतात; तुम्ही ज्याला त्याला विचारायचात, "तुम्हाला कुठलं नाव आवडेल?" मी कुमुद सांगितलं. माझ्या नर्सिंगच्या वर्गात एक कुमुद होती, गोरीपान, अक्षर मोत्यासारखं, मेट्रनची लाडकी. मला आयुष्यभर तिच्यासारखं व्हायचं होतं. म्हटलं, पुस्तकात तरी होऊ.

आणि पाड्यावरच्या म्हाताऱ्या जिजीने तिच्या मेलेल्या सुनेसाठी राणी हे नाव सांगितलं. "जित्ती व्हती तवय तिले कोनी राणी म्हनं नही," जिजी म्हणाली होती, "पुस्तकमा तरी म्हनू द्या." तुमची पेन्सिल थांबली होती तेव्हा.

पेन्सिलच. पेन नाही. पेन पाहिलं की लोकांना सही आठवते, आणि सही आठवली की लोक गप्प होतात, असं तुमचं म्हणणं. पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर माझं उपकेंद्र होतं: दोन खोल्या, एक बाकडं, एक औषधांचं कपाट आणि त्याची माझ्या कमरेला किल्ली. त्या बाकड्यावर तुम्ही पहिल्यांदा येऊन बसलात तेव्हा मला वाटलं, आली आणखी एक तपासणीवाली. मी लगेच रजिस्टरं पुढे केली. तुम्ही ती बाजूला सरकवलीत. आलेल्या प्रत्येक बाईला तुम्ही एकच गोष्ट विचारत होतात. काय होतंय हे नाही. "कशी उनी?" कशी आलीस, कोणाबरोबर, घरात काय टाकून, कोणाला सांगून. तुमची अहिराणी ऐकून बायका हसायच्या. तुम्ही सांगायचात, "मना बाप पिंजारी व्हता, गावोगाव गाद्या भराले जाये. मी त्याना मांगे मांगे." मला नंतर म्हणालात, अब्बा कापूस पिंजायचे, मी माणसांचं बोलणं पिंजते. दवाखाना गावात असून लोकांपर्यंत का पोचत नाही, यावर आयुष्यभर लिहिणारी बाई अशी असेल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, चष्मा असेल आणि इंग्रजी असेल. चष्मा होता.

तुम्ही पाड्यावर आलात त्याच्या महिनाभर आधी राणी गेली होती. जिजीची एकुलती सून, दुसरं बाळंतपण. दुपारी तिच्या अंगावरून जायला लागलं. जिजी धावत उपकेंद्रात आली, तर दाराला कुलूप. पाड्यावर मोबाईलला रेंज नव्हती. कोणाची तरी जीप मिळेपर्यंत उन्हं कलली, आणि पिंपळनेरच्या अलीकडे वाटेतच ती गेली. पोटातलंही गेलं. मी दुसऱ्या दिवशी पोचले. दाराशी अख्खा पाडा. जिजीने विचारलं, "कोठे गयथी तू?" मी म्हटलं, तालुक्याला मीटिंग होती.

आणि हे सगळ्यांना पटलं, मॅडम. मीटिंगा असायच्याच. लसीकरणाची मीटिंग, कुटुंबकल्याणाची मीटिंग, आकडे भरायची मीटिंग, भरलेले आकडे जुळवायची मीटिंग. त्याच आठवड्यात खरोखर दोन झाल्या होत्या. हालचाल रजिस्टरला मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं: 'तालुका मीटिंग.' आम्ही सगळ्याच लिहायचो. तुम्ही आलात, तुम्हीही विचारलंत, आणि मी तेच सांगितलं. एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलताना जीभ अडखळत नाही.

मी शिंदखेड्याला होते. माझ्या भाचीची हळद होती. राणीच्या अंगावरून जात होतं तेव्हा मी मांडवात बसून वरण-बट्टी खात होते, वांग्याची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेत होते. हे वाक्य मी कागदावर आज पहिल्यांदा लिहिते आहे. चार वेळा खोडलं.

तुमची दुसरी रीत जास्त वाईट. वाचून दाखवण्याची. पुस्तक छापायला देण्याआधी तुम्ही परत पाड्यावर आलात, पिशवीत कागदांचा गठ्ठा. ज्याचं त्याचं पान ज्याला त्याला वाचून दाखवायचं, त्याने हो म्हटल्याशिवाय छापायचं नाही. जिजीच्या अंगणात बसलो आपण. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन झाला होता. तुम्ही ते प्रकरण वाचलंत, 'सिस्टर गावात नाही'. पुस्तकालाही पुढे तेच नाव दिलंत. किती चांगलं लिहिलं होतंत! नर्सला गावासाठी नेमलं आणि कागदांसाठी पळवलं. ज्या दिवशी तिची गरज होती त्या दिवशी ती आपण किती काम केलं हे सांगायला गेली होती. जिजी पदराने डोळे पुसत होती. वाचून झाल्यावर तुम्ही चष्मा काढलात आणि माझ्याकडे बघितलंत.

"सिस्टर, बरोबर आहे ना?"

जिजी माझ्याकडे बघत होती. तिचा मुलगा दारात उभा होता. मला फक्त मान हलवायची होती, आडवी. मी म्हटलं, "बरोबर आहे."

मग ते पुस्तक कुठच्या कुठे गेलं. तुम्ही मुंबईला गेलात, दिल्लीला गेलात, मोठमोठ्या समित्यांवर बसलात. तिथेही म्हणे तुम्ही साहेबांना पहिला प्रश्न तोच विचारायचात, तुम्ही कसे आलात, आणि साहेब गोंधळायचे. आमच्याकडे मीटिंगांचा वार ठरला. महिन्यातून ठरलेल्या दिवशीच नर्सला बोलवायचं, बाकी दिवस ती गावात. कोणी पाळलं, कोणी नाही, पण आमच्यातल्या कितीतरी जणींना श्वास घ्यायला फट मिळाली. त्या मला ओळखत नव्हत्या, कुमुदला ओळखत होत्या. कुमुद सिस्टरमुळे झालं, म्हणायच्या. मी गप्प बसायची, आणि ज्या थोड्या जणींना मीच कुमुद हे माहीत होतं, त्या याला साधेपणा समजायच्या.

मी रिटायर होऊन धुळ्याला आले त्या वर्षी तुमचं भाषण होतं. शेवटी एक तरुण नर्स उठली, बोलता बोलता रडायला लागली. म्हणाली, कुमुद सिस्टर मला भेटली तर मी तिच्या पाया पडेन. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. मला त्या हॉलमध्ये बसवेना. नंतर एसटी स्टँडच्या कॅन्टीनमध्ये तुमची जळगावची गाडी लागेपर्यंत आपण चहा घेत होतो, तेव्हा मी सांगून टाकलं. एका दमात, कपाकडे बघत. हळद, शिंदखेडा, बट्टी, सगळं.

मला वाटलं तुम्ही उठून जाल. तुम्ही चहा संपवलात. बशीत सांडलेलासुद्धा प्यायलात. मग एवढंच विचारलंत, "रजा का नाही मागितलीत?"

मी भडकले. हो, मीच भडकले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. रजा! अहो मॅडम, मागितली होती. बदली नर्स नाही म्हणून नाकारली. त्याच्या आधीच्या दिवाळीलाही नाकारली, सासू वारली तेव्हा एक दिवस दिला. बाराही महिने, आठवड्याचे सातही दिवस एक बाई एका पाड्यावर, आणि तिने माणसासारखं भाचीच्या अंगाला हळद लावायची म्हटलं तर खोटं बोलल्याशिवाय मार्ग नाही. मी असं म्हटलं, आणि तुमचा चेहरा बघून मला कळलं की मी तुमच्या वर्मी घाव घातला होता.

"हे मला लिहायचं होतं, सिस्टर," तुम्ही म्हणालात. "मी जे लिहिलं त्याच्यापेक्षा हे मोठं होतं."

मग भांडण झालं आपलं, जे पुढे कधी संपलंच नाही. तुम्हाला नव्या आवृत्तीत टीप घालायची होती. मी म्हटलं, घाला, आणि उद्या सगळे म्हणतील पुस्तकच खोटं. मीटिंगांचा वार ठरलाय तोही जाईल. एका माझ्यामुळे बाकीच्या जणींचं खरंही खोटं ठरेल. तुम्ही म्हणालात, म्हणून जिजीला खोटं सांगत राहायचं? मी म्हटलं, जिजीचं नाव काढू नका. आणि मग मी ते बोलले, जे बोलायला नको होतं. म्हटलं, तुम्ही तर कोणाच्या रजिस्टरवर विश्वास ठेवत नव्हतात. आख्ख्या जिल्ह्याची रजिस्टरं तुम्हाला खोटी वाटायची. मग माझंच कसं खरं वाटलं?

तुमच्या गाडीचा पुकारा होत होता. तुम्ही पिशवी उचललीत. "कारण मला तेच हवं होतं," म्हणालात. "माझं प्रकरण त्याच्यात नीट बसत होतं." आणि बसमध्ये चढलात.

त्यानंतर तुम्ही ते प्रकरण कुठल्याही सभेत वाचलं नाहीत. लोक आग्रह करायचे, तुम्ही दुसरं काहीतरी वाचायचात. लोकांना वाटायचं, मॅडमना स्वतःचं कौतुक आवडत नाही. मला माहीत होतं का ते, आणि मी तुमच्यावर रागावायची, की निदान वाचत तरी जा, मी एवढं पाप केलंय ते वाया तरी जाऊ देऊ नका. असा उफराटा राग कोणाला सांगणार?

माझ्या संमतीशिवाय तुम्ही एक ओळ लिहिणार नव्हतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. याच तुमच्या भल्या रीतीच्या आड मी लपून बसले. आजार कळल्यावर तुम्ही तीनदा फोन केलात. पहिल्यांदा म्हणालात, "या ना, टीप लिहून टाकू, तुम्ही सांगाल तेवढंच लिहीन." मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदाही गुडघेच. तिसऱ्यांदा तुमचा आवाज इतका बारीक झाला होता की मला दोनदा 'हॅलो' म्हणावं लागलं. तुम्ही टिपेचं काही बोललाच नाहीत. "सिस्टर, मी दवाखान्यात कशी आले माहीत आहे का?" म्हणालात. "भावाच्या गाडीतून, उशी घेऊन. राणीला जीप मिळत नव्हती." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात नक्की येते. गुडघे दुखतात हे खरं आहे. पण ज्या दिवशी तुम्ही गेलात त्या दिवशी ह्याच गुडघ्यांनी मी जळगावचा जिना चढले ना?

निघायच्या थोडं आधी इक्बालभाईंनी मला एक पाकीट दिलं. तुमच्या टेबलावर होतं, वर 'सिस्टर' लिहिलेलं. आत एकच कागद. पेन्सिलीने शीर्षक: 'नव्या आवृत्तीसाठी टीप'. खाली एक ओळ, 'कुमुद सिस्टर यांना विचारून'. बाकी कागद कोरा. त्याच वेळी तुमचा तो विद्यार्थी, जो आता पुस्तक पुन्हा काढतो आहे, माझ्याजवळ येऊन बसला. 'सिस्टर गावात नाही' हे प्रकरण सगळ्यात पुढे घेणार म्हणाला, आणि कुमुद सिस्टरची आठवण शेवटी. दोन-चार पानं लिहा, म्हणाला, मनापासून लिहा. मी हो म्हटलं. मला हो म्हणायची जुनी सवय आहे.

इथवर लिहिलं मी, मॅडम. गेल्या सोमवारी हीच पानं घेऊन पाड्यावर गेले. तुमची रीत मोडायची नव्हती. उपकेंद्राला आता रंग दिलाय, बाकडं तेच आहे. दाराला कुलूप होतं. का, ते मी विचारलं नाही. जिजी खूप थकली आहे, पण कान शाबूत. अंगणात खाट टाकून बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. "ये व माय, बठ," म्हणाली, "मॅडम गयी म्हनतस, खरं शे का?" मी हो म्हटलं. तिने पदर डोक्यावर सारखा केला. मग म्हणाली, "बठ्ठा चांगला मानसं आधी जातस."

मी म्हटलं, जिजी, तुला काही वाचून दाखवायचं आहे.

वाचलं. हळदीचं आलं तिथे आवाज फुटला, पण थांबले नाही. जिजी जमिनीकडे बघत होती. संपल्यावर म्हणाली, "आखो एक डाव वाच. तेवढंच." मी पुन्हा वाचलं, मांडवाचं, बट्टीचं. पाणी मागायची हिंमत नव्हती.

"तू व्हती, ते ती वाचती का?" तिने विचारलं.

हा प्रश्न मला अठरा वर्षांत कोणी विचारला नव्हता. तुम्हीसुद्धा नाही. सलाईन कपाटात होतं, रक्त थांबवायचं इंजेक्शन होतं, किल्ली माझ्या कमरेला शिंदखेड्यात होती. जीप मी तासाभरात आणवली असती, माझं ऐकायचे जीपवाले. "माहीत नाही, जिजी," मी म्हटलं. मग म्हटलं, "वाचली असती, बहुतेक."

जिजीने मला शिवी दिली नाही. दिली असती तर मी तिच्या पायावर तरी पडले असते. ती भिंत धरून उठली, घराकडे चालायला लागली. मी हात द्यायला गेले, तिने हात बाजूला केला. उंबऱ्यावर थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "राणी नको लिखू आते. तिनं नाव इमल व्हतं. इमल लिख. आन् तुनं बी खरं नाव लिख." मग दार लोटून घेतलं. मी अंगणात बसून राहिले, पिंपळनेरची गाडी येईपर्यंत. दार उघडलं नाही. एवढ्या वर्षांत त्या अंगणातून मी भाकरी न खाता पहिल्यांदाच उठले.

तुमच्या विद्यार्थ्याला हे आवडणार नाही कदाचित. छापणार नाही म्हणाला तर मी स्वतः जळगावला येऊन त्याच्यासमोर बसेन. लोकांनी पुस्तकच खोटं म्हटलं तर म्हणोत; त्यांना सांगायला मी आहे अजून, की मीटिंगांचं सगळं खरं होतं आणि त्याहून मोठं खरं मी दाबून ठेवलं होतं. तुम्ही असतात तर हे सगळं किती नीट मांडलं असतंत. मला नुसतं सांगता येतं. एवढं सांगायला मी तुम्हाला मरू दिलं, मॅडम. याचं काय करू, कोणाला विचारू, मला कळत नाही. तुम्हालाच विचारायची सवय होती.

तुमचा तो कागद समोर ठेवलाय. तुमच्या ओळीखाली पेन्सिलीनेच लिहिलं आहे. छापायच्या आधी वाचून दाखवते, ऐका.

'या पुस्तकात जिला राणी म्हटलं आहे तिचं नाव विमल. तिच्या घरी तिला इमल म्हणायचे. ती गेली त्या दिवशी सिस्टर मीटिंगला नव्हती. रजा नाकारली म्हणून रजिस्टरला खोटं लिहून शिंदखेड्याला हळदीला गेली होती, औषधांच्या कपाटाची किल्ली घेऊन. लेखिकेला तिने खोटं सांगितलं, वाचून दाखवल्यावरही बरोबर आहे म्हणाली. सिस्टरचं नाव कुमुद नाही, मंदाकिनी.'

बरोबर आहे ना, मॅडम?